उतारवयातील स्थूलता : वजन घटावे, बळ टिकावे

महाराष्ट्रातील ७५ वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना एस. टी. च्या गाड्यांतून विनामूल्य प्रवास करण्याची सवलत २०२२ साली देण्यात आली. ही सवलत घेण्यासाठी वयाचा दाखला लागतो. परंतु त्याखेरीज आणखीही एक गोष्ट लागते. गाडीची पहिली पायरी जमिनीपासून बरीच उंच असते. दांडा धरून, शरीराचा सारा भार एका पायावर तोलून दुसरा पाय वर घ्यावा लागतो. ज्यांचे वजन वाढले आहे आणि मांड्यांतील बळ मात्र ओसरले आहे, अशा वृद्धांना ही एक पायरी डोंगराएवढी वाटते. कोणीतरी हात दिल्यावाचून ती चढता येत नाही. मग संकोचापोटी प्रवास कमी होतो. आठवड्याचा बाजार सुटतो, लेकीचे घर लांब पडते आणि शेवटी दवाखान्यात जाणेही टळू लागते.

उतारवयातील स्थूलतेचा प्रश्न खऱ्या अर्थाने या पायरीशी निगडित आहे. तो केवळ वजनाच्या काट्याचा प्रश्न नव्हे. माणूस किती किलो भरतो, यापेक्षा तो स्वतःच्या पायांनी किती काळ स्वतंत्रपणे वावरू शकतो, हे अधिक महत्त्वाचे आहे. म्हणूनच या वयात वजन कमी करावयाचे झाल्यास ते कोणत्या मार्गाने करावे, याचा विचार तरुणांपेक्षा वेगळ्या रीतीने करावा लागतो. मेद जावा, पण स्नायू जाऊ नयेत, हे त्यामागचे मुख्य सूत्र होय.

प्रश्नाचे स्वरूप

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होती. महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते. त्यानंतरच्या काळात ही संख्या वाढतच गेली आहे. दुसरीकडे, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने सर्व राज्यांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील प्रौढांपैकी २८.६ टक्के व्यक्ती स्थूल आढळल्या. पोटाभोवती मेद साठलेल्यांचे प्रमाण तर ३९.५ टक्के होते. अपुऱ्या पोषणाची समस्या अद्याप संपलेली नसताना अतिपोषणाची समस्याही तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आहे.

याची कारणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. जात्याची जागा गिरणीने घेतली, विहिरीच्या रहाटाऐवजी नळ आला, शेतावर पायी जाणाऱ्यांच्या दारात मोटारसायकल आली. या सोयींमुळे, विशेषतः स्त्रियांचे, कष्ट हलके झाले आणि ते स्वागतार्हच आहे. परंतु अंगमेहनत कमी झाली, तेवढ्या प्रमाणात ताटातील तेल आणि चहातील साखर कमी झाली नाही, उलट वाढली. सेवानिवृत्तीनंतर दिवसाचे कित्येक तास बसून जातात. यास्तव स्थूलता म्हणजे खादाडपणा किंवा आळस, असा ठपका ठेवणे योग्य नाही. बदललेल्या राहणीचा तो परिणाम आहे.

स्थूलता मोजण्याची सर्वपरिचित रीत म्हणजे वजनाच्या किलोग्रॅमला उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागणे. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ६४ किलो असेल, तर हा निर्देशांक २५ येतो. पाश्चात्त्य देशांत ३० पासून पुढे स्थूलता मानतात. परंतु भारतीयांच्या बाबतीत मधुमेह व हृदयविकार कमी वजनावरही जडत असल्याने २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी ही मर्यादा २५ ठरविली. उतारवयात पाठ वाकल्यामुळे उंची घटते व हा निर्देशांक फसवा ठरू शकतो. अशा वेळी साधी मोजपट्टी अधिक उपयोगी पडते. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास तो धोक्याचा इशारा समजावा.

काटा काय सांगत नाही

वजनाचा काटा मेद आणि स्नायू यांत भेद करीत नाही, याचे एक बोलके उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता. तथापि डॉ. युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के भरले. दिसण्यात सडपातळ, पण आतून मेदयुक्त अशी भारतीय शरीराची ठेवण त्यांनी या उदाहरणाने जगापुढे मांडली.

वय वाढते तसा हा भेद अधिक महत्त्वाचा होतो. मध्यमवयापासून स्नायूंचे आकारमान हळूहळू घटू लागते आणि त्यांचे बळ तर आकारमानापेक्षाही वेगाने ओसरते. वापर नसेल तर ही झीज वाढते. एखाद्याचे वजन वीस वर्षे जसेच्या तसे राहिले, तरी त्या वजनात स्नायू कमी आणि मेद अधिक, अशी अदलाबदल आतल्या आत झालेली असू शकते. शरीर जड, पण ते पेलणारे पाय दुबळे, अशी ही अवस्था असते.

अशा व्यक्तीने केवळ उपास करून किंवा जेवण तोडून वजन घटविले, तर काय होते? वजन उतरते, शेजारीपाजारी कौतुक करतात. परंतु घटलेल्या वजनापैकी सुमारे पाव हिस्सा हा मेदाचा नसून स्नायू आणि तत्सम ऊतींचा असतो. हाडेही काही प्रमाणात विरळ होतात. पुढे वजन पुन्हा वाढले, तर ते बहुतांशी मेदाच्या रूपाने परत येते. गेलेले स्नायू त्या प्रमाणात परतत नाहीत. म्हणजे वजन घटविण्याच्या प्रत्येक अर्धवट प्रयत्नागणिक शरीर थोडे अधिक दुबळे होण्याचा संभव असतो. याच भीतीमुळे वृद्धांना वजन कमी करण्याचा सल्ला द्यावा की नाही, याविषयी वैद्यकीय क्षेत्रात दीर्घकाळ मतभेद होते.

प्रयोगांनी काय दाखविले

हा मतभेद दूर करण्यास अमेरिकेतील काही प्रयोगांचा मोठा उपयोग झाला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६५ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या १०७ स्थूल व्यक्तींचे चार गट करण्यात आले. एका गटाने आहार कमी केला, दुसऱ्याने व्यायाम केला, तिसऱ्याने दोन्ही केले आणि चौथ्याची राहणी पूर्वीप्रमाणेच राहिली. वर्षाअखेरीस खुर्चीतून उठणे, चालणे, जिना चढणे, खाली पडलेली वस्तू उचलणे अशा नित्याच्या कामांची चाचणी घेण्यात आली. केवळ आहार कमी करणाऱ्यांची क्षमता १२ टक्क्यांनी, केवळ व्यायाम करणाऱ्यांची १५ टक्क्यांनी, तर दोन्ही करणाऱ्यांची २१ टक्क्यांनी वाढली.

यातील आणखी एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. केवळ व्यायाम करणाऱ्या गटाचे वजन घटलेच नाही; तरीही त्यांची कामाची क्षमता वाढली. केवळ आहार कमी करणाऱ्या गटाचे वजन १० टक्क्यांनी घटले. परंतु मेदविरहित शरीरभार ५ टक्क्यांनी आणि नितंबाच्या हाडाची घनता सुमारे ३ टक्क्यांनी कमी झाली. आहाराला व्यायामाची जोड देणाऱ्या गटात ही हानी अनुक्रमे ३ टक्के व १ टक्का एवढीच झाली.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात १६० वृद्ध स्थूल व्यक्ती होत्या. वजन घटविण्यासाठी चालण्यासारखा व्यायाम चांगला, वजने उचलण्यासारखा बळाचा व्यायाम चांगला, की दोन्ही मिळून, असा प्रश्न त्यात होता. व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे ९ टक्के घटले. मात्र कामाची क्षमता एकेक व्यायाम करणाऱ्यांत १४ टक्क्यांनी, तर दोन्ही करणाऱ्यांत २१ टक्क्यांनी वाढली. स्नायूंची सर्वाधिक हानी केवळ चालण्यासारख्या व्यायामावर भर देणाऱ्या गटात दिसून आली. चालणे उत्तम आहे. परंतु वजन घटत असताना एकटे चालणे पुरेसे नाही, हा या प्रयोगाचा निष्कर्ष होय.

‘आता या वयात बळ कोठून येणार?’ असे पुष्कळ जण विचारतात. त्याचे उत्तर १९९० मध्येच मिळालेले आहे. अमेरिकेतील बॉस्टन येथील वृद्धांच्या संस्थेतील नव्वदीच्या घरातील १० दुर्बल व्यक्तींना आठ आठवडे पायांच्या बळाचा व्यायाम देण्यात आला. तो पूर्ण करणाऱ्या ९ जणांच्या पायांतील बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. स्नायू वयाला नव्हे, तर वापराला अधिक ओळखतात, हेच यावरून सिद्ध होते.

गुडघेदुखीचा अडसर

गुडघे दुखतात म्हणून चालणे बंद, चालणे बंद म्हणून वजन वाढते आणि वजन वाढल्याने गुडघे अधिक दुखतात, या चक्रात आपल्याकडील असंख्य वृद्ध, विशेषतः स्त्रिया, अडकलेल्या असतात. गुडघ्याची झीज झालेल्या वृद्धांवर केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार चार किलोने हलका होतो. म्हणजे केवळ ५ किलो वजन घटविणाऱ्याच्या गुडघ्यावरून दर पावलाला सुमारे २० किलोंचे ओझे उतरते. शिवाय मांडीचे पुढचे स्नायू बळकट असले तर सांध्याला आधार मिळतो. गुडघेदुखी हे व्यायाम टाळण्याचे नव्हे, तर योग्य व्यायाम निवडण्याचे कारण समजावे.

व्यायाम कसा असावा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी पुढीलप्रमाणे शिफारस केली आहे : आठवड्यातून एकूण १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम, किमान दोन दिवस बळाचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्यास मदत करणारा व्यायाम. ज्यांना एवढे जमणार नाही, त्यांनी जेवढे जमेल तेवढे करावे. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे.

चालण्याचा प्रारंभ १० मिनिटांपासून करावा आणि दर आठवड्यास थोडी वाढ करावी. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम गतीची सोपी खूण आहे. आळंदी व देहूहून पंढरपूरपर्यंत पायी जाणाऱ्या वारीत साठी-सत्तरीचे कितीतरी वारकरी असतात. सोबत असली की पाय उचलतात, हे वारी आपल्याला शिकविते. मात्र वर्षातून एकदा चालून भागत नाही. रोजची वारी गावातच घडली पाहिजे.

बळाच्या व्यायामासाठी यंत्रांची आवश्यकता नाही. पुढील पाच प्रकार घरी करता येतात.

१. भिंतीला टेकवून ठेवलेल्या भक्कम खुर्चीवरून, शक्यतो हातांचा आधार न घेता, उठणे व सावकाश बसणे.

२. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळहात भिंतीवर टेकणे आणि कोपरांत वाकून शरीर मागेपुढे करणे.

३. कठडा धरून ओट्याच्या एकाच पायरीवर चढणे व उतरणे.

४. खुर्चीची पाठ धरून दोन्ही टाचा उचलणे व हळूहळू टेकणे.

५. पाण्याने भरलेल्या बाटल्या दोन हातांत घेऊन कोपरांतून वर उचलणे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, हे लक्षात ठेवून भार ठरवावा.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा करावा. थोडी विश्रांती घेऊन पुन्हा एकदा करावा. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत, नाहीतर स्नायूंना बळ मिळत नाही. श्वास रोखू नये. एक दिवस सोडून व्यायाम करावा, म्हणजे स्नायूंना विसावा मिळतो. तोल सुधारण्यासाठी भिंतीजवळ उभे राहून एका पायावर काही सेकंद उभे राहण्याचा सराव करावा. सूर्यनमस्कार हा आपल्याकडील उत्तम व्यायाम आहे. परंतु ज्यांनी पूर्वी कधी तो केलेला नाही व ज्यांचे गुडघे अथवा रक्तदाब ठीक नाही, त्यांनी त्यापासून प्रारंभ करू नये.

प्रगती मोजण्यासाठी एक सोपी कसोटी आहे. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजावे. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या प्रमाणानुसार ६५ ते ६९ वयोगटातील पुरुषांत ही संख्या १२ पेक्षा आणि स्त्रियांत ११ पेक्षा कमी असल्यास पायांचे बळ अपुरे समजतात. आपला कालचा आकडा आज किती वाढला, हे पाहणे मात्र प्रत्येकाला शक्य आहे.

आहार : काय घटवावे, काय घटवू नये

उतारवयात झपाट्याने वजन घटविण्याचा हव्यास धरू नये. सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के घट पुरेशी आहे. त्यासाठी उपासमार करावी लागत नाही. दिवसातून पाच वेळा, दर वेळी दोन चमचे साखर घातलेला चहा घेणाऱ्याच्या पोटात सुमारे ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० उष्मांक जातात. एक ग्रॅम तेल ९ उष्मांक देते. म्हणून तळण, फरसाण आणि भाजीवरचा तेलाचा तवंग यांवर प्रथम कात्री चालवावी. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले पदार्थ खाल्ल्यास वजन घटत नाही, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रथिने मात्र घटवू नयेत. आपल्याकडील पुष्कळ वृद्ध, दातांच्या त्रासामुळे किंवा ‘आता काय खायचे’ या भावनेने, चहा-बिस्किटे अथवा दूधभातावर भागवितात. यात पिष्टमय पदार्थ भरपूर, पण प्रथिने तोकडी असतात. वृद्धांना शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. ६० किलो वजनाच्या व्यक्तीस हे प्रमाण ६० ते ७२ ग्रॅम येते. घट्ट वरण, मोड आलेल्या मटकीची मऊ शिजविलेली उसळ, पिठले, दही, ताक, तसेच चालत असल्यास अंडी व मासळी, यांतून ते साधता येते. एकाच जेवणात सारे न घेता प्रत्येक जेवणात थोडे थोडे घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

कोणती सावधगिरी बाळगावी

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून व्यायाम सुरू करू नये. छातीत दुखणे, भोवळ येणे, नेहमीपेक्षा अधिक दम लागणे ही लक्षणे दिसताच थांबावे व दवाखाना गाठावा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची रक्तशर्करा आहार कमी केल्यावर एकाएकी उतरू शकते. वजन घटल्यावर रक्तदाबाच्या औषधाची मात्राही बदलावी लागते. म्हणून औषधे चालू असताना आहार परस्पर कमी करू नये. तसेच कोणताही प्रयत्न न करता वजन आपोआप उतरू लागले, तर आनंद न मानता तपासणी करून घ्यावी. क्षयरोगासारख्या आजाराचे ते लक्षण असू शकते.

गाव काय करू शकेल

एकट्याने सुरू केलेला व्यायाम बहुधा एकट्यानेच बंद होतो. म्हणून या कामी गावाचा हातभार आवश्यक आहे. शाळा सुटल्यानंतर शाळेचे पटांगण तासभर वृद्धांसाठी खुले ठेवता येईल. वर्गातील भक्कम खुर्च्या बळाच्या व्यायामाला पुरेशा आहेत. शारीरिक शिक्षण देणारा शिक्षक आठवड्यातून दोन दिवस मार्गदर्शन करू शकेल. ग्रामपंचायतीने चालण्याच्या रस्त्यावर दिवे, ठरावीक अंतरावर बसण्यासाठी बाके आणि समाजमंदिराच्या पायऱ्यांना कठडा एवढे केले, तरी पुष्कळ काम होईल. वृद्ध स्त्रिया पुरुषांच्या घोळक्यात येण्यास संकोचतात. त्यांच्यासाठी निराळी वेळ ठेवावी.

आशा कार्यकर्त्या ३० वर्षांवरील व्यक्तींची माहिती भरताना कंबरेच्या घेराचीही नोंद घेतात. ज्यांचा घेर अधिक आहे, त्यांना जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब व रक्तशर्करा तपासणीसाठी पाठवावे आणि नंतर व्यायामाच्या गटात आणावे. गटाच्या वहीत वजनाबरोबर ३० सेकंदांत उठण्याची संख्याही दर तीन महिन्यांनी लिहावी. वजन थोडेच घटले, पण ही संख्या वाढली, तर प्रयत्न सफल झाला असे समजावे.

या सर्व कार्यात सर्वांत मोठा अडथळा पैशाचा नाही. ‘वय झाले, आता बसून राहा’ हे आपण प्रेमाने उच्चारलेले वाक्य हाच तो अडथळा होय. घरातील वृद्धांच्या हातून पाण्याचा तांब्याही काढून घेण्यात आपण सेवा मानतो. परंतु त्या सेवेने त्यांचे बळ हळूहळू हिरावले जाते. त्यांना जे करता येते, ते करू द्यावे, आणि जे करता येत नाही, त्याचा सराव करून घ्यावा. एस. टी. चे तिकीट शासन माफ करू शकते. पायरी चढण्याचे बळ मात्र ज्याचे त्याने, घराच्या आणि गावाच्या आधाराने, कमवावयाचे आहे. ते कोणत्याही वयात कमविता येते.